पहिल्यासारखे म्हणजे कसे

४ फेब्रुवारी

माझ्या मुंगे,

हे पत्र आधी बसून वाच. एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी रिपोर्ट, असं उभ्याउभ्या वाचू नकोस. वाईट काही नाही. उलट इतकं चांगलं आहे की कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय मला. फोन करणार होते, पण फोनवर तुझं अर्धं बोलणं माझ्या कानात शिरत नाही, आणि तुझे आजोबा समोरच टेबलाशी कापड कापत उभे असतात. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल कसं बोलू? म्हणून चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं लिहायला शिकले तेवढ्यावर भागवतेय. चुका पोटात घाल.

तर, तुझे आजोबा बोलायला लागलेत.

हसू नकोस. तुला ठाऊक आहे हा माणूस. लग्न झालं तेव्हापासून ते कापतात आणि शिवतात, मी काजं-बटणं करते. दोघांच्या मध्ये एक टेबल आणि एक इस्त्री. दिवसभराचं बोलणं काय, तर "दोरा", "हा नाही, गडद", "उसव". गिऱ्हाइकांशीही तेच. "हात वर. हात खाली. मंगळवारी या." लोक म्हणायचे, शिंपी असा की बोलणंसुद्धा मापात. मला त्याचं वाईट वाटणं कधीच बंद झालं होतं. बूट चावतो चावतो आणि मग पायच त्याच्यासारखा होतो, तसं.

आणि आता? सकाळी उठल्यापासून गाणी. सुराचं विचारू नकोस. परवा मी टेबलाशी गेले तर म्हणाले, "या राणी, बसा." मुंगे, मी मागे वळून बघितलं, दुकानात कोण बाई आली म्हणून!

शिवाय काय काय सांगतात. मला वाटायचं त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते लग्न ठरवायला आले तेव्हा. तर म्हणे नाही. त्याच्या वर्षभर आधी ते माझ्या वडिलांच्या दुकानात अस्तराचं कापड घ्यायला आले होते. मी शिडीवर चढून वरचा गठ्ठा काढत होते आणि माझी एक चप्पल खाली पडली होती. ती त्यांनी उचलून शिडीच्या पायरीवर ठेवली. "तू बघितलंसुद्धा नाहीस," म्हणाले, "पाय घातलास आणि गेलीस." मला तर ती शिडी आठवते, पण चप्पल काही केल्या आठवत नाही. एवढी वर्षं ती एकट्या त्यांच्याकडे होती!

रागसुद्धा गेला. वकिलांच्या कोटावर इस्त्री तशीच ठेवून हे गात उभे. मी आत चहा टाकत होते, जळका वास आला म्हणून धावत आले, तोवर बाहीला इस्त्रीएवढं भोक. एरवी हेच नाक जिन्यावरून सांगायचं की इस्त्री तापली, आणि कापडाला नुसता डाग पडला तरी दोन दिवस घर गप्प असायचं. या वेळी त्यांनी काय करावं? भोकातून हात बाहेर काढला आणि माझ्याशी हात मिळवला. "नमस्कार, मी वकीलसाहेब." मी पोट धरून हसले. कोट भरून द्यावा लागणार आहे ते वेगळंच.

तू मेंदूची डॉक्टर होतेयस ना, मग मला सांग. हा माणूस एवढी वर्षं कुठे ठेवला होता?

वेळेवर जेव. केस मोकळे सोडून दवाखान्यात जाऊ नकोस.

तुझी आजी


११ फेब्रुवारी

आजी,

पत्र मिळालं. बसून वाचलं.

काही गोष्टी विचारते, नीट बघून लिही. आजोबा असे केव्हापासून आहेत? हळूहळू झाले की एकदम? डोकं दुखतं असं म्हणतात का? दिसायला काही त्रास? आणि इस्त्रीचा जळका वास त्यांना आलाच नाही का? तू आतून धावत आलीस आणि ते शेजारीच उभे होते, म्हणून विचारते.

एक करून बघ. त्यांचे डोळे बांध. एक नाकपुडी बंद करून दुसरीजवळ साबण धर, मग कॉफीची पूड. ओळखतात का बघ. मग दुसरी नाकपुडी.

घाबरू नकोस. सवयीने विचारतेय.

तुझी नात


१९ फेब्रुवारी

मुंगे,

किती लहानसं पत्र गं! पोस्टमनलासुद्धा हातात घेताना लाज वाटली असेल. अगदी त्यांच्यावर गेलीस तू. तुझी आई माझ्यासारखी, तिला तोंड उघडलं की मिटवता येत नाही, आणि तिच्या पोटी तू. लहानपणी पडलीस तरी रडायची नाहीस, भिंतीकडे तोंड करून बसायचीस. आजोबा तुझ्या शेजारी तसेच भिंतीकडे तोंड करून बसायचे. दोघांचं काय बोलणं व्हायचं देव जाणे.

तर तू सांगितलेली परीक्षा घेतली. कोटाच्या उरलेल्या अस्तराची पट्टी डोळ्यांवर बांधली. त्यांना वाटलं खेळ आहे, दोन्ही हात पुढे करून मला धरायलाच निघाले. कसंबसं बसवलं. साबण धरला तर म्हणाले, "हा तुझा हात." मी म्हटलं, अहो, हातात काय आहे ते सांगा. "हात," म्हणाले. मग कॉफी. तर म्हणे, "हा पण तुझाच हात." या वयात कुणी माझ्या हाताबद्दल असं बोलेल असं वाटलं नव्हतं, मी आपली लाजून उभी. मग मी माझ्या डोक्याने कांदा चिरून धरला. ताबडतोब डोळ्यांतून पाणी आणि "कांदा! कांदा!" म्हणून ओरडले. म्हणजे नाक शाबूत आहे. काळजी नको. वकिलांचा कोट जळला तो गाण्याच्या नादात.

केव्हापासून म्हणशील तर आता आठवून बघते तेव्हा वाटतं, वर्षभर होत असेल. आधी नुसते सुस्त झाले होते, खुर्चीत बसले की बसलेच. मी म्हटलं वय झालं. मग गाणी सुरू झाली. डोकं दुखतं म्हणतात अधूनमधून, पण हसत हसत म्हणतात. साखर फार खायला लागलेत, डब्यातून चमच्याने.

बँकेतल्या बाई आपलं कापड परत घेऊन गेल्या. त्यांना दुसरीकडे जवळ पडतं म्हणे.

काल संध्याकाळी त्यांनी मला टेबलावर बसवलं आणि म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, आज तुझं घेतो." खांदा, बाही, कंबर. मी विचारलं, काय शिवणार? म्हणाले, "काही नाही." मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

तुझी आजी


२५ फेब्रुवारी

आजी,

कांदा धरायचा नव्हता. कांद्याने डोळ्यांत आणि नाकात झोंबतं, ते वेगळ्या नसेकडून कळतं. तो वास नाही. साबण आणि कॉफीला त्यांनी जे म्हटलं तेच उत्तर होतं. त्यांना वास येत नाहीये.

मी शनिवारी येतेय. रजा घेतली आहे. सोमवारी त्यांना इथे घेऊन यायचं, तुझी पण पिशवी भरून ठेव. तोवर इस्त्रीला हात लावू देऊ नकोस. आईला आत्ताच काही सांगू नकोस.

तुझी नात


२० मार्च

मुंगे,

तू आम्हाला घरी सोडून गेलीस त्याला आठवडा झाला, पण तो फोटो डोळ्यांपुढून जात नाही. त्या काळ्या काचेवर कुणा कवटीचं चित्र, आणि मोठे डॉक्टर बोट ठेवून सांगतायत की हे तुमचे मिस्टर. कपाळाच्या मागे, नाकाच्या मुळाशी, लिंबाएवढी पांढरी गाठ. मी आयुष्यभर त्या कपाळावरच्या आठ्या बघत आले. मला काय ठाऊक आत काय वाढतंय.

डॉक्टर भले आहेत. कॅन्सर नाही म्हणाले, सावकाश वाढणारी गाठ आहे, काढून टाकू, आणि मग म्हणाले, "आजी, ते अगदी पहिल्यासारखे होतील."

मी विचारलं, पहिल्यासारखे म्हणजे कसे? ते हसले. त्यांना वाटलं म्हातारीला कळलं नाही. तू मात्र खाली बघितलंस. तुला कळलं होतं.

आणि यांना विचारलं तर काय म्हणाले आठवतं ना? "काढा की. आणि तेवढी जागा रिकामी झाली तर एक खिसा शिवून टाका." सगळा दवाखाना हसला. म्हणून तर डॉक्टर म्हणाले, यांचा होकार काही धरता येणार नाही, ऑपरेशनच्या कागदावर सही तुम्ही करा. तो कागद मी मशीनच्या खणात ठेवलाय. केली नाही सही.

सूज कमी करायला त्यांनी ज्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्यांचा आणखी एक तमाशा. भूक म्हणजे काय, पहाटे उठून पावाची अख्खी लादी संपवतात, घरभर फिरतात, खुर्च्या इकडच्या तिकडे. म्हणजे गाठ एक माणूस करते, गोळी दुसराच करते. मग माणूस म्हणजे आहे तरी काय गं? मला वाटायचं आत कुणीतरी बसलेलं असतं, पक्कं, कापडाच्या ताग्यासारखं, कुठूनही उलगडा तेच निघणार. इथे तर बोटाच्या नखाएवढी गोळी आणि रंग बदलला.

तू शिकलेली आहेस, मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. मला राणी कोण म्हणालं? ते, की ती गाठ? गाठ असेल तर मी वर्षभर कुणाशी हसत बसले? आणि ते असतील, तर त्यांना काढून टाका अशा कागदावर मी माझ्या हाताने सही कशी करू? तू म्हणशील आजी वेडी झाली. या घरात आयुष्य गेलं माझं, मुंगे. या वर्षी पहिल्यांदा मला कुणी विचारलं की दमलीस का.

आजी


२७ मार्च

आजी,

तू सही केली नाहीस हे वाचून मला राग आला. मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. आता लिहिते.

आधी जे नक्की आहे ते. गाठ थांबणार नाही. ती डोळ्यांच्या नसांवर दाब आणेल, त्यांना दिसेनासं होईल. मग फिट येतील. मग ते उठणार नाहीत. वर्ष, दोन वर्षं, मला सांगता येत नाही. हसणारे आजोबा तसेच राहतील आणि तू त्यांच्याशी बोलत बसशील, असा पर्यायच नाही.

आता तू विचारलंस ते. कपाळामागचा मेंदू पुष्कळ कामं करतो, त्यातलं एक आवरण्याचं. मनात आलेलं सगळं तोंडावर येऊ नये, हे तो बघतो. समोरच्याच्या तोंडावरून त्याला काय वाटतंय हे ओळखायला आणि त्याप्रमाणे वागायलाही तोच लागतो. आजोबांचा हा ब्रेक जन्मापासूनच घट्ट असणार. माणसाचा स्वभाव साधारण निम्मा रक्तातूनच येतो असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसतं, उरलेला कसा घडतो ते कुणालाच धड माहीत नाही. त्यांचा माझ्यात आला असं तू म्हणतेस. आला आहे. मला तो आतून माहीत आहे. आत काही नसतं म्हणून आम्ही गप्प नसतो.

गोळ्यांचं म्हणशील तर ते संप्रेरक आहे. आपल्या शरीरात तसंच एक रोज थोडं थोडं तयार होतं, भीती वाटली, दगदग झाली की जास्त. गोळीत ते कितीतरी पटीने जास्त असतं, म्हणून खुर्च्या फिरतात. तू म्हणतेस तसा पक्का तागा आत नसतोच. रोज विणलं जात असतं. पण म्हणून ते कुणाचंच नसतं असंही नाही.

राणी कोण म्हणालं? मला माहीत नाही. माझ्या सरांनाही माहीत नसेल. पण एवढं सांगते. गाठ ब्रेक सैल करू शकते. गाठीला तुझ्या वडिलांचं दुकान ठाऊक नाही. ती शिडी आणि ती चप्पल गाठीने पाहिलेली नाही. ते जर खरं घडलं असेल, तर ते ठेवलं होतं आजोबांनीच.

यापुढे मला लिहिता येत नाही. सही कर.

तुझी नात


५ एप्रिल

मुंगे,

कागद पाठवलाय. सही केली. मोडकी आली आहे, उजव्या हाताच्या बोटाला पट्टी आहे म्हणून. का ते सांगते, आणि आधी जे सांगितलं नाही तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल तुझ्या पत्राने म्हातारी वठणीवर आली.

बँकेतल्या बाईंना दुसरीकडे जवळ पडत नव्हतं. यांनी माप घेताना त्यांना असं काही म्हटलं की ते मी तुला लिहू शकत नाही. त्या रडत गेल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. आणि दूधवाली आहे ना, तिलाही ते राणीच म्हणतात. पोस्टमनच्या बायकोलाही. एकदा जिन्यात कपडे न घालता उभे होते, मी पडद्याचं कापड गुंडाळून आत आणलं. अंथरूण ओलं होतं, तेही महिनाभर झालं. तुला काही कळवलं नाही. दुकानातही मी सांगत बसले की यांना जरा थट्टेची सवय लागली आहे. मला जे हवं होतं तेवढं मी बघत होते, बाकीच्याला पडदा.

पण गेल्या बुधवारी काय झालं. मी मशीनवर शाळेच्या गणवेशाची पट्टी मारत होते आणि सुई बोटात गेली. नखातून आरपार. मशीन अडकलं, बोट आत. मी ओरडले. ते टेबलाशीच होते. त्यांनी बघितलं, आणि हसले. मुंगे, ते वाईट हसले नाहीत गं, दुष्टपणाने नाही. लहान मूल फुगा फुटला की हसतं तसे. आणि गात गात साखरेच्या डब्याकडे गेले. चाक मी डाव्या हाताने मागे फिरवलं आणि बोट मीच सोडवलं.

बाहेरच्या पायरीवर बोट धरून बसले तेव्हा मला आठवलं, तुझी आई पोटात होती त्या वर्षीसुद्धा अशीच सुई गेली होती. तेव्हा हे एक अक्षर बोलले नव्हते. चाक फिरवलं, सुई काढली, बोट आपल्या तोंडात धरलं, पट्टी बांधली. आणि नंतरचे कितीतरी दिवस माझी सगळी काजं स्वतः करत बसले, कंदिलाशी वाकून, आपलं काम संपल्यावर. मला त्या वेळी वाटलं होतं, बघा, एक शब्द धीराचा नाही या माणसाकडे.

आता एक माणूस मला दिवसभर गोड बोलतो आणि माझं रक्त त्याला दिसत नाही. एका माणसाला सगळं दिसायचं आणि बोलता यायचं नाही. तू लिहिलंस की समोरच्याच्या तोंडावरून ओळखायला कपाळामागचाच मेंदू लागतो. ते वाचलं होतं, पण कळलं ते बोटातून.

मला राणी म्हणणारा जाईल. जाऊ दे. मला रडू येणारच, तू मध्ये पडू नकोस. पण ज्याला मी दिसायचे तो माणूस आत एकटा अडकून पडलाय आणि मी इकडे मजेत त्याची गाणी ऐकतेय, हे आता मला बघवत नाही. त्याला बाहेर काढा.

सोमवारी येतो आम्ही. तुझ्या आईला मी फोन केला. ती रडली, मग दोघी रडलो, आता बरं वाटतंय.

आजी


१८ मे

आजी,

तुम्ही घरी नीट पोचलात हे आईकडून कळलं. इथल्या नर्स अजून आजोबांबद्दल विचारतात. शुद्धीवर आल्यावर अंगातला दवाखान्याचा झगा चाचपून "हे कुणी शिवलंय?" म्हणाले, ते दवाखानाभर पसरलंय. सर म्हणाले, मेंदू जागेवर असल्याचा एवढा चांगला पुरावा त्यांनी पाहिला नव्हता.

आता काही दिवस ते उदास असतील. गोळ्या बंद होतायत त्याचंही ते असेल. वास बहुधा परत येणार नाही, इस्त्री तू सांभाळ. मागच्या वर्षातलं त्यांना काही आठवेल, काही नाही. लोकांकडून कानावर येईल. लाज वाटेल. तेव्हा त्यांना एकटं सोडू नकोस, पण फार समजावत बसू नकोस. मला कुणी समजावलेलं आवडत नाही, त्यावरून सांगतेय.

ऑपरेशन चालू असताना तू बाकावर माझा हात धरून बसली होतीस आणि सारखं विचारत होतीस, बोल ना काहीतरी. मी बोलले नाही. मला खूप भीती वाटत होती, आजी. तेव्हा ते तोंडातून निघालं नाही, म्हणून आता लिहितेय.

तुझी नात


९ जून

माझ्या मुंगे,

तुझी शेवटची ओळ मी दोनदा वाचली आणि पत्र देव्हाऱ्यात नाही, उशीखाली ठेवलं. तिथे हाताशी राहतं.

आजोबा पहिल्यासारखे झाले. डॉक्टरांना सांग, शब्दाला जागले म्हणून. डोक्यावरची खूण कानापासून कानापर्यंत आहे. पहिल्याच दिवशी टोपी घालून दुकानात उतरले, माझी मागच्या वर्षीची काजं उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "उसव." मी उसवायला बसले. मला आनंद झाला की वाईट वाटलं ते अजून ठरलेलं नाही.

पण मग तू म्हणालीस तसंच झालं. पोस्टमन काहीतरी थट्टेत बोलला, "काय मास्तर, आता गाणं नाही का?" आणि यांचा चेहरा पडला. त्यानंतर दुकानात उतरेनात. खिडकीही लावून घेतली. मी तू सांगितल्याप्रमाणे समजावलं नाही. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल बघ! नुसती शेजारी बसून राहिले. मग एक दिवस तेच बँकेतल्या बाईंच्या घरी जाऊन आले. दारातच उभे राहिले म्हणे, "माझं चुकलं" एवढं म्हणून परत फिरले. बाईंनी मागून हाक मारली. त्यांचं कापड आता टेबलावर आहे.

काल दुपारी मी आणि ते दोघेच होतो. कॉलरला टाचण्या लावत होते. वर न बघता म्हणाले, "मी काय काय बोललो?"

मी म्हटलं, कुणाला?

"तुला."

मी विचारलं, सांगू? खरंच सांगू? मान हलवली. आणि टाचण्यांची रांगच्या रांग ओठांत धरली. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असल्या की त्याला बोलता येत नाही, हे मला काय आज कळतंय? उत्तर द्यायला लागू नये म्हणून.

मग मी सांगितलं. सगळं. राणीपासून. दमलीस का विचारायचे ते. माप घेतलं आणि काहीच शिवलं नाही ते. शिडी सांगितली, चप्पल सांगितली. दूधवालीलाही राणी म्हणायचात हेही सांगितलं, लपवलं नाही. सुईचं मात्र ठेवून दिलं, ते त्यांना आयुष्यभर टोचलं असतं. तुला माहीत आहे मी एकदा सुरू झाले की काय. ऊन टेबलाच्या या टोकाला होतं ते त्या टोकाला गेलं. त्यांचे कान लालभडक झाले होते. हात थांबले होते. पण मला थांब म्हणाले नाहीत. मी दोनदा पाणी प्यायले तेव्हा वाट बघत राहिले.

माझं संपलं. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून टेबलावरच्या छोट्या उशीला टोचल्या, टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि माझ्याकडे बघून बोलले. गाठ नसताना. गोळी नसताना. एक अख्खं वाक्य, मग आणखी एक.

मी लगेच उठले, कारण हे तुला कधी एकदा लिहीन असं मला झालं होतं. कागद शोधायला लागले तर मागून म्हणाले, "पोरीला लिहू नकोस."

तुला ठाऊक आहे, माझ्या पोटात काही राहत नाही. पण हे लिहीत नाही.

तुझी आजी